कोरा फ्लॅश

सिंदी मेघे, वर्धा

प्रिय दादा,

जागृतीच्या लग्नाला महिना होत आला, तरी माझी मान अजून धरलेलीच आहे. दोन कॅमेरे गळ्यात घालून दिवसभर उभं राहायचं माझं वय राहिलं नाही. एकात रंगीत रोल, दुसऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट. चष्मा कपाळावर ढकलायचा, फोकस करायचा, पुन्हा चष्मा नाकावर ओढून किती फोटो उरले ते बघायचं. स्टुडिओ माझ्या हवाली करून तू नागपूरला गेलास, तेव्हापासून ते कॅमेरे कपाटात होते. मी डिजिटलवरच लग्नं करत आले. पण तुझी लेक हट्टी. म्हणाली, "आत्या, माह्या लग्नाचा अल्बम रोलवालाच पाह्यजे, अन् तूच काढजो." त्यामुळे आत्याचा मान राहिला बाजूला. हळदीच्या वेळी मला एक डोळा मिटून बसलेली पाहून शेजारच्या आनंदाबाई सगळ्यांसमोर ओरडल्या, "आत्याबाई, पोरीले हळद लावाची सोडून डोळा काऊन मारून राह्यली वं तिले?" बायका हसता हसता लोळल्या. तेवढाच एक फोटो हलला.

आष्टीचा हॉल तू पाहिलासच. नवरीची साडी पांढरी, अंकुशचा सदरा पांढरा, निम्मे पाहुणे पांढऱ्या कपड्यांत. अशा वेळी कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, हे तूच शिकवलं होतंस. लेन्स थोडी जास्त उघडून घेतली, म्हणून त्रिशरण म्हणतानाचे सगळ्यांचे चेहरे नीट आले. जागृतीचे डोळे मिटलेले आहेत आणि हनुवटी थेट तुझ्या-माझ्या आईसारखी.

त्या दिवशी सकाळी वहिनी चुलीवरच्या भाताच्या मोठ्या गंजाजवळ उभी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माधवी, तुहा भाऊ येऊन राह्यला म्हणते. येऊ दे. जेवू दे. पण माह्या पोरीच्या अल्बमात तो मले नाई पाह्यजे." तू गेल्यावर आपल्या घरात मला परकं न मानणारी तीच. शाळेचे पालक मेळावे, जागृतीचा टायफॉइड, अंकुशच्या घरच्यांशी पहिली बोलणी, सगळ्याला ती एकटी उभी राहिली. जागृतीनं तुला बोलावलं हे तिनं गिळलं, हेच पुष्कळ होतं.

आठवतं, तू मला कोरा फ्लॅश शिकवला होतास? रोल महाग, पाहुणे ढीगभर. स्टेजवर रांग लागली की तू कॅमेऱ्याला हातच लावायचा नाहीस, फ्लॅशच्या मागचं बटण तेवढं दाबायचास. लख्ख उजेड पडायचा, मामा-मावश्या खूश होऊन उतरायच्या आणि रोल जागचा हलायचा नाही. "कोणाले समजते? फक्त आपला चेहरा इमानदार ठेवजो," म्हणायचास.

तू स्टेजवर आलास. जागृतीनं तुझा दंड घट्ट धरला, अंकुश पाया पडायला वाकला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तू इतका उतरलेला दिसलास की फोकस सापडेना. वहिनी खाली पहिल्याच रांगेत होती. मी मागचं बटण दाबलं. उजेड पडला, सगळे हसले. तू मात्र माझ्या अंगठ्याकडे बघत होतास. तसाच उतरलास आणि जेवायला न थांबता निघून गेलास. लोकांच्या मोबाइलमध्ये असशील कुठेतरी, तिरपा, अर्धा. अल्बममध्ये नाहीस.

माफी मागायला हे लिहीत नाही, दादा. वहिनीचं ऐकलं नसतं तर तिच्याशी बेइमानी, ऐकलं तर ती तुझ्याशी झाली. कोणीही उठावं आणि मला मधे उभं करावं. यानंच मला थकायला झालं आहे, कॅमेऱ्यांनी नाही.

आता रोल आपल्याकडे कोणी धूत नाही. मुंबईला पाठवले, परवा फोटो मोबाइलवर आले. जागृती आणि अंकुश बघायला आले होते. ती एकेक सरकवत शेवटापर्यंत गेली, पुन्हा मागे आली. "आत्या, बाबा कुठी हायेत?" पोळ्या लाटता लाटता वहिनीच म्हणाली, "मीच नाई म्हटलं होतं. तिले नको बोलू." मला वाटलं आता रडारड होईल. जागृती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "आत्या, एखादा रोल बाकी हाये?"

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू "राहू दे वं, माधे" म्हणून ठेवून दिला असतास. येत्या रविवारी दोघं तुझ्याकडे येत आहेत. ती लग्नाचीच साडी नेसणार आहे. काल वहिनीनं ती साडी काढली, पदरावरचा हळदीचा डाग घासून घासून काढला, इस्त्री केली आणि जागृतीच्या बॅगेवर ठेवली. उरलेल्या रोलवर फोटो अंकुश काढेल. त्याचा हात जरा हलतो, तेव्हा तू घाई करू नकोस, जागचा हलू नकोस. तुझ्या घरात जी आहे, तिचं नाव मला अजून घेता येत नाही. तिनं फोटोत उभं राहायचं की नाही, हे मला विचारू नकोस, जागृतीला विचार. मी येणार नाही. दोन्ही कॅमेरे मी पोरीला देऊन टाकले आहेत.

तुझीच,
माधी