बाबांचा कान

३ मार्च, रविवार

आलो एकदाचा! टेकडीवरचा बंगला मिळाला. व्हरांडा, घरात नळ, मागे पेरूची झाडं. विटा भाजणाऱ्या न्खाताचा पोरगा, मिशनच्या शाळेत नकाशे गिरवून शिकलेला, आजपासून राष्ट्रपित्याचा वास्तुविशारद! घर दाखवायला स्वतः चिपेता आला होता. हा बाबांचा, म्हणजे राष्ट्रपित्यांचा, खाजगी सचिव. बोलणं मऊ, बूट त्याहून मऊ, येतो ते कळतच नाही. त्याने सांगितलं की बाबांना माझं तळ्याकाठचं चर्च फार आवडलं. तिथे पाद्री नुसता पुटपुटला तरी शेवटच्या बाकावरची म्हातारी आमेन म्हणते. राजवाड्यात तसंच भोजनगृह हवंय. बाबांचा आवाज आता बसतो, आणि जेवताना मायक्रोफोन धरला की फुटबॉलच्या मैदानावर बसल्यासारखं वाटतं म्हणे. मी खो खो हसलो. माणूस गमतीदार दिसतो.

९ मार्च

म्बेवेला बोलावून घेतलं. गवंडीकामाचा ठेका दुसऱ्या कुणाला देणार? लहानपणी एका परातीत मक्याची न्सिमा खाल्लेली माणसं आम्ही. आल्या आल्या त्याने माझ्या नव्या सुटाची बाही चाचपली आणि विचारलं की हा शिवून घेतलास की आत कुणी होतं त्याला काढून मिळवलास. त्याची बायको एलिझा त्याला दटावत होती, अहो, हळू बोला, भिंतीला लागून शिपाई उभा आहे. म्बेवे म्हणाला, त्यालाही हसू दे, त्याचा पगार सरकार देतं, हसू कोण देणार?

२१ एप्रिल

छत अंड्याच्या आकाराचं. अंड्यात दोन जागा अशा असतात की एकीपाशी कुजबुजलं तर दुसरीपाशी कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं; मधल्या माणसाला काही नाही. एका जागेवर बाबांची खुर्ची, दुसरीवर पाहुण्यांचं टेबल.

चिपेता नकाशावर वाकून बघत होता. त्याने सहज विचारलं, उलटंही येतं का हो, साहेब? टेबलाकडून खुर्चीकडे? मी फुशारलो. म्हटलं, चमचा कुणी डाव्या हातात धरला तेही सांगेन. त्याने मान डोलावली आणि चहा मागवला.

आता वाटतं, त्याने नुसता प्रश्न विचारला होता. उत्तर देण्याची हौस माझी.

७ जुलै, रविवार

आज पहिलं जेवण झालं. छत अप्रतिम! परदेशी राजदूत टाळ्या वाजवत होते. मला मात्र टेबलावर जागा नव्हती. चिपेताने बाबांच्या खुर्चीमागच्या कोरीव पडद्याआड स्टूल दिलं आणि खरी गोष्ट सांगितली. बाबांना ऐकू येत नाही. एक कान पूर्ण गेलाय, दुसऱ्यात ओरडावं लागतं. हे राजवाड्याबाहेर कुणालाही ठाऊक नाही. म्हणून ऐकणारा हवा, तोही असा की जो घुमटातला आवाज आणि माणसाचा आवाज वेगळा काढू शकेल. तुमच्याइतके तिखट कान देशात नाहीत, असं म्हणाला. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

शेतीमंत्री शेजाऱ्याला सांगत होते की म्हातारा पुढचा पाऊस बघेलसं दिसत नाही. मी ते चिपेताला सांगितलं. म्हटलं, पहिलाच दिवस, चाचणीच समजा.

१४ जुलै, रविवार

शेतीमंत्र्यांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. प्रकृती बरी नाही म्हणे. आज आणखी तिघांचं बोलणं चिपेताला सांगितलं.

मी छत बांधलं. छताखाली कुणी काय बोलावं हे मी ठरवत नाही. हे वाक्य आज मनाशी बरेचदा म्हटलं. दर वेळी थोडं लंगडं वाटलं.

२ ऑगस्ट

बाबा परवा बांधकामाच्या माणसांना जेवायला बोलावणार आहेत. म्बेवेलासुद्धा! तो गल्लीभर सांगत सुटलाय. आणि त्याची जीभ मला ठाऊक आहे.

सांगावं तर पडद्यामागची गोष्ट आम्हा तिघांपुरतीच. म्बेवे टेबलावर गप्प बसला तर चिपेताला लगेच कळेल की त्याला कुणी सावध केलं. नाही सांगितलं तर — शेवटी गेलो आणि म्हटलं, भाऊ, परवा खूप खा, कमी बोल. तो म्हणाला, फुकटचा मासा आणि बंद तोंड, दोन्ही कसं जमायचं रे? आत जायला तरी तोंड उघडावं लागेल ना? एलिझा हसली. मीही हसलो आणि परत आलो.

४ ऑगस्ट, रविवार

म्बेवे पहिला अर्धा तास खरंच गप्प होता. मी देवाचे आभार मानत होतो. मग त्याने वर बघितलं आणि शेजारच्या सुताराला म्हणाला, छत अगदी बाबांच्या डोक्यावर बेतलंय बघ, बाहेरून गुळगुळीत, आतून रिकामं, म्हणून इतकं घुमतं.

मला हसू फुटलं. जन्मभराची सवय. तो बोलला की मी हसायचो.

चिपेताने विचारलं, काय झालं?

दुसरा एखादा विनोद सांगता आला असता. मला शंभर येतात. पण टेबलामागे वाढपी उभे होते. त्यांतला कोण कुणाचा, कुणास ठाऊक. मी सांगितलं. म्बेवेच्या ढंगात, हात वर करून, बारीक आवाज काढून. चांगलं सांगितलं. पाहुणे गेल्यावर चिपेताने ते बाबांच्या कानात ओरडून सांगितलं, बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि मला वाटलं, सुटलो.

६ ऑगस्ट

म्बेवे घरी आला नाही. एलिझा दारात. मी म्हटलं, तळ्यावर वाळू बघायला पाठवलंय. तिने विचारलं, चपला न घालता? चपला राजवाड्याच्या पायरीपाशी तशाच आहेत.

मी म्हटलं, बघतो.

११ ऑगस्ट, रविवार

चिपेताला विचारलं. तो म्हणाला, कोण म्बेवे?

आज ऐकायला बसलो. पाहुणे हात धुवायला उठले, टेबल रिकामं झालं, तरी बोलणं चालू. काट्यांचा आवाज. शेतीमंत्र्यांचा खोकला. वाटलं, आवाज घुमटात अडकला असेल. पण दगड आवाज इतका वेळ धरत नाही. हे मी शिकलोय.

१८ ऑगस्ट

टेबलावर परदेशी लोक. त्यांच्या खालून, मधून — म्बेवे. आणखी कितीतरी जण, ज्यांची नावं मी दिली. तक्रार नाही, शिव्या नाहीत. मीठ मागतायत. म्बेवे तोच विनोद सांगतोय, सगळे हसतायत. चिपेताला काहीच ऐकू येत नाही. तो माझ्याकडे बघत राहतो.

२५ ऑगस्ट

आज काही सांगितलं नाही. कुठलं जिवंत माणसाचं, कुठलं — वेगळं काढता येईना. चिपेता म्हणाला, कान थकले का, साहेब? फार मऊपणे.

३० ऑगस्ट

शहराबाहेर जायच्या पाससाठी अर्ज केला. भावाचं लग्न आहे म्हटलं. शिपायाने हसून विचारलं, कुठला भाऊ?

३१ ऑगस्ट

उद्या मला टेबलावर जागा. पाहुणा म्हणून. पडद्यामागे नवा माणूस आलाय. आंधळा आहे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. माझ्याच चर्चमध्ये.

बोलायचं नाही. एवढंच. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

१ सप्टेंबर, रविवार

पदार्थांच्या कार्डामागे लिहितोय. हात कामात असला की जीभ गप्प राहते. शेजारी डावीकडे कुणी नाही. उजवीकडे कुणी नाही. चिपेता पडद्यापाशी.

आले. सगळे. खुर्च्या हलत नाहीत, पण —

म्बेवे नमस्काराच्या टाळ्या वाजवतोय, ओंजळ धरून, हळू. विचारतोय, भाऊ, बरा उठलास का?

आमच्यात याला उत्तर न देणं म्हणजे समोरचा माणूस मेला असं म्हणणं. लहान पोरही देतं. मी बरा उठलो, तू बरा उठला असशील तर. एवढंच असतं उत्तर.

पुन्हा विचारलं. राग नाही. वाट बघतोय.

आता सगळे थांबलेत. कुणी खात नाही.

लिहूनच देतो, म्हणजे तोंड मिटलेलं राहील. मी बरा उठलो, म्बेवे —

हे कोण मोठ्यानं वाचतंय? वरून. माझा आवाज. ओठ मिटलेत, बोटं लावून पाहिली, मिटलेत — जे लिहितो ते —

चिपेता वाकून पडद्याआडच्या आंधळ्याला विचारतोय, काय ऐकलंस? थांबवायला हवं. पेन खाली ठेवलं की झालं. पण म्बेवे अजून ओंजळ धरून आहे, त्याला अर्धंच उत्तर मिळालंय, असं अर्धं कसं सोडू, भाऊ, तू बरा उठला असशील तर मी