माझा माल बिघडला

अर्जुनी मोरगाव,
३० जुलै २०२५

चि. इंद्रकुमार यास,
सौ. सुशिला आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या बाबांसाठी राखी पाठवली आहे, तिच्याच पाकिटात ही चिठ्ठी आहे. धानाची रोवणी चालू असल्यामुळे यंदा मला गोंदियाला येणं जमत नाही. राखी माझ्या सुनेने, टीनाने निवडली आहे. भाऊला म्हणावं, चमक जास्त आहे, पण मुकाट्याने बांधून घ्या.

आता तुझ्याकडे वळते. हातात फोन असताना आत्याला पत्राची काय हौस, असं तुला वाटेल. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. ग्रुपवर लिहायला जावं तर खाली पाटी येते, की फक्त अ‍ॅडमिनच निरोप पाठवू शकतात. पोस्टमनचं तोंड तुला अजून बंद करता येत नाही, म्हणून हा रस्ता धरला.

'झाडीची चव' हा ग्रुप आम्ही बायांनी केला तो बोलण्यासाठी. कोणाकडे बरण्या उरल्या, कोणतं कुरियर पार्सल फोडतं, कोणतं गिऱ्हाईक माल घेऊन गप्प बसतं, हे एकमेकींना कळावं म्हणून. तू शिकलेला, गोंदियात भाऊचं दुकान, नागपूर-पुण्याची गिऱ्हाइकं तू आणलीस, म्हणून तुला अ‍ॅडमिन केलं. ते उपकार मी विसरले नाही. पण तीच गिऱ्हाइकं तू आमच्या ग्रुपात आणून बसवलीस, म्हणजे पाहुण्यांना थेट माजघरात नेलंस. आणि मग पाहुण्यांना गडबड नको म्हणून घरच्या बायांचीच तोंडं बांधलीस!

आपल्या ग्रुपातल्या धनवंताने असं काय पाप केलं? तिच्या मोहफुलांच्या लाडवांना पावसाने बुरशी धरली. आपली रीत तुला माहीत आहे. जिचा माल बिघडेल तिने कोणी बोट दाखवायच्या आधी स्वतः ग्रुपवर सांगायचं, की माझा माल बिघडला. तिला कोणी रागवायचं नाही. जी पहिल्यांदा ऐकेल तिने विचारायचं, तुझ्या किती ऑर्डरी अडल्या, आम्ही भरून देतो. एका साली एकीने बिघडलेलं लोणचं लपवलं आणि सगळ्यांचंच नाव गेलं, तेव्हा रडून-भांडून ही रीत ठरली होती. धनवंताने ती पाळली आणि तू तिचा निरोप पुसून टाकलास.

पावसाळ्यात नागझिऱ्याचं जंगल पर्यटकांना बंद असतं. तिचा नवरा इतवारी तिथला गाइड, तो घरी बसून आहे. घर तिच्या लाडवांवर चाललंय. तरी तिने लपवलं नाही. परवा तिचा फोन आला. म्हणते, बाई, मी तं खरंच सांगून राहिली होती, मंग माझंच तोंड कायले बांधलं? याचं उत्तर आता तू दे.

ग्रुप उघड. वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहेच तुझी, आता कानही असू दे.

तुझी,
सुशिला आत्या


गोंदिया,
५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्याबाईंस,
इंद्रकुमारचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. म्हणजे आधी बाबांना मिळालं. राखी काढता काढता त्यांनी तुमची चिठ्ठी दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर, मोठ्याने वाचली. तांदूळ न्यायला आलेल्या एका काकांनी 'बायांची तोंडं बांधलीस' इथे मान हलवली आणि माझ्याकडे बघत राहिले. पुढच्या वेळी पाकीट वेगळं करा आणि वर 'खासगी' लिहा, एवढी हात जोडून विनंती.

आत्या, माझी बाजू पण ऐका. ग्रुप उघडला की सकाळी सकाळी देवांचे फोटो. मग कोणाची शेळी व्याली, कोणाच्या सासूचा गुडघा धरला. त्यात तुमचे ते लांबलचक बोलून पाठवलेले निरोप, ज्यात तुमच्यापेक्षा कढईतल्या फोडणीचाच आवाज जास्त. पुण्याच्या मॅडम तुमच्या हातचे, काडीवर वळून वाळवलेले गव्हाचे सरगुंडे मागवतात, त्यांना शेळीचं काय करायचं?

बुरशीचा निरोप ऐकून त्याच दिवशी राखीच्या डब्यांच्या ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या. डबे मी छापून घेतले होते. सगळ्यांचा माल एका डब्यात आणि वर तुम्हा सगळ्यांची नावं, कारण मलाही तुमचं नाव मोठं करायचं आहे. हा धंदा भरोशावर चालतो. घरातली उणीदुणी घरात ठेवावी लागतात. धनवंताबाईंनी मला एकट्याला सांगितलं असतं तर मी चुपचाप माल बाजूला केला असता, बात खतम. आताही कोणाला अडचण असेल तर मला पर्सनल लिहा, मी बघतो. दिवाळीपर्यंत ग्रुप असाच राहू द्या.

बाबांनी राखी आत्ताच बांधून टाकली आणि सगळ्यांना हात दाखवत फिरताहेत. राग काढाल माझ्यावर, पण आशीर्वाद कापू नका.

तुमचा,
इंद्रकुमार


अर्जुनी मोरगाव,
११ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रकुमार यास,
आत्याचे अ. आ. वि. वि.

हे पत्रही दुकानाच्याच पत्त्यावर आणि भाऊच्या नावाने पाठवते. यात खासगी काही नाही. भाऊ, जरा मोठ्याने वाचा आणि ते तांदळाचे काका असतील तर त्यांना बसायला सांगा.

शेळीचं तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. देवांचे फोटो मीच जास्त पाठवते, तेही कबूल. पण फोडणीच्या आवाजाबद्दल बोलू नकोस. आम्ही फोडणीचाच धंदा करतो, मग काय सतार वाजवू? आणि ज्या बाईच्या घरी शेळी व्याली तिला दोन दिवस पार्सल बांधता येणार नाही, हे आम्हाला त्या शेळीवरूनच कळतं. तुला ती गप्पा वाटली, ती आमची कामाची बोलणी होती.

आता तुझं 'पर्सनल लिहा'. अरे, सगळ्यांमध्ये बोलायला आम्हाला भीती वाटत नाही, कारण आज मी तर उद्या ती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुला एकट्याला सांगायचं म्हणजे तलाठ्यापुढे उभं राहिल्यासारखं. तू कधी रागवला नाहीस, हे मान्य. पण डब्यावर कोणाचं नाव ठेवायचं ते तुझ्या हातात आहे. ज्याच्या हातात नाव, त्याला आपली चूक एकटीने कोण सांगेल? हे तुझ्या त्या धंद्याच्या कोर्समध्ये शिकवलं नसेल तर आमच्याकडून शीक.

बरं, एक आनंदाची बातमी. टीनाने शोधून काढलं, की लिहिता येत नसलं तरी तुझ्या निरोपावर बोट दाबून ठेवलं की निशाणी उमटवता येते. आम्ही लाल मिरची ठरवली आहे. तुझ्या प्रत्येक निरोपावर, सगळ्या जणींची, ग्रुप उघडेपर्यंत. काल तू 'शुभ रात्री' लिहिलंस त्यावरही पडल्या असतील, मोजून घे.

वहिनीबरोबर श्रावण सोमवारी नागऱ्याच्या महादेवाला जाशील तेव्हा त्यालाही विचार, तो भक्तांचे आवाज बंद करतो का.

भांडते म्हणून परकी समजू नकोस. परकी असते तर गप्प बसले असते.

तुझी,
आत्या


गोंदिया,
१७ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

मिरच्या थांबवा. मी दर लिहिला, मिरच्या. स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या, मिरच्या. पुण्याच्या मॅडमनी मला विचारलं, की लाडूही तिखट असतात का. नागपूरच्या एकाने तर मिरच्या बघून ठेच्याची चौकशी केली, आणि ठेचा आपल्याकडे कोणी करतच नाही. बाबा हसून हसून खोकायला लागले. मला हसू येत नाही.

हसू न येण्याचं कारण वेगळं आहे. राखीच्या डब्यात सुलोचनाबाईंची जवसाची चटणी होती. ती खवट निघाली. एकाच डब्यात नाही, जिथे जिथे डबा गेला तिथे. लोकांनी माझ्या ऑनलाइन पानावर डब्याचा फोटो टाकून लिहिलंय, की हे घेऊ नका. फोटोत तुम्हा सगळ्यांची नावं स्वच्छ दिसतात. तुमचे सरगुंडे चांगले होते, बाकीचंही चांगलं होतं, पण कोण बघतो? पोळ्यासाठी एकही ऑर्डर नाही.

मला एकच कळत नाही. सुलोचनाबाईंना जवस जुनं असल्याचं कळलं नसेल का? कळलं असेल तर मला का नाही सांगितलं? मी तर पर्सनल लिहा म्हटलं होतं. तुम्ही त्यांना ओळखता. जरा विचारून बघाल का? मी विचारलं तर फोन उचलत नाहीत.

माझं डोकं चालेनासं झालंय. या वेळी रागवा, पण लवकर लिहा.

तुमचा,
इंद्रकुमार


अर्जुनी मोरगाव,
२४ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रकुमार यास,
आत्याचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं तशी मी एसटीने सडक अर्जुनीला सुलोचनाबाईंकडे गेले. मला दारात पाहूनच त्या रडायला लागल्या. चटणी खवट आहे हे त्यांना बरण्या भरल्या त्या संध्याकाळीच कळलं होतं. माल तुझ्या दुकानात पोचला होता, पण डबे निघायचे होते. त्यांनी तुला लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. डब्यावरून नाव काढाल, ही एकच धास्ती. म्हणाल्या, ग्रुप उघडा असता तं चार जणीत बोलून मोकळी झाली असती, एकट्या साहेबाले काय सांगू? साहेब म्हणजे तू. तुला कडेवर घेऊन मंडईच्या जत्रेत फिरवणारी मी, आणि माझ्यादेखत तू साहेब झालास.

मला त्यांचा राग आला नाही, तुझा आला. धनवंताने सांगितलं तर तू पुसलंस. ते पाहून सुलोचनाबाई बोलल्या नाहीत. आमच्या नावाला जे लागलं ते चटणीने लागलं नाही, तू शिकवलेल्या गप्प बसण्याने लागलं. हे नाव आम्ही उन्हात वाळवणं घालून, पाठी मोडून मिळवलंय. ते असं कोणाच्या छापील डब्यात बंद होऊन सडू देणार नाही.

काल पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची कर होती. पहाटे मारबतीचा पुतळा गावाबाहेर न्यायला काढला. इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, असा गल्लीत गलका झाला आणि मी उंबरठ्यावर उभी राहून तुझ्या ग्रुपातून बाहेर पडले. आमचं तसंच ठरलं होतं. जिच्या दारावरून मारबत जाईल तिने तेव्हा निघायचं. म्हणून तुला सकाळभर एकेकीचं नाव निघाल्याचं दिसत राहिलं असेल. सगळ्यात आधी धनवंता निघाली, त्यांच्या गावात मारबत फार लवकर निघते.

आता तुझ्या ग्रुपात तू आहेस आणि गिऱ्हाइकं आहेत. खुशाल निरोप पाठव, मिरच्या पडणार नाहीत.

आशीर्वाद मात्र जसेच्या तसे आहेत. त्यांना अ‍ॅडमिन लागत नाही.

तुझी,
आत्या


गोंदिया,
२९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणता तसंच झालं. सकाळी चहा घेता घेता एक नाव निघालं, मग दुसरं. टीनावहिनी गेल्या तेव्हा कप खाली ठेवला. आई विचारत होती, कोणी गेलं का रे? मी म्हटलं, सगळेच गेले.

दोन दिवस गिऱ्हाइकांना काही कळलं नाही. मग पुण्याच्या मॅडमनी विचारलं, की आजकाल मिरच्या का येत नाहीत. मी खरं ते लिहून टाकलं. त्यांचा उलट निरोप आला, की लाडवांना बुरशी लागली हे ज्या बाईंनी स्वतः सांगितलं होतं त्या कुठे आहेत, मला त्यांच्याकडूनच घ्यायचं आहे. धनवंताबाईंचा जो निरोप मी पुसला तोच त्यांच्या लक्षात राहिला होता.

बाबांनी तुमची पत्रं गल्ल्याच्या वर खिळ्याला अडकवून ठेवली आहेत, येणारा-जाणारा वाचतो.

आत्या, तुमचा नवा ग्रुप निघालाय असं कळलं. मला घ्याल का? अ‍ॅडमिन नको. पार्सल बांधेन, कुरियरला नेऊन देईन. नाही म्हणालात तरी मी तुमचाच आहे.

इंद्रकुमार


अर्जुनी मोरगाव,
५ सप्टेंबर २०२५

ती. भाऊ यांस,
सुशिलाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यासाठी आहे. दुकानात वाचायचं की घरी, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या मुलाला आम्ही नव्या ग्रुपात घेतलं. लगेच नाही घेतलं. आधी सगळ्या जणी बोलल्या, दोघी तर नकोच म्हणत होत्या, आणि कोणी कोणाला गप्प केलं नाही. या ग्रुपात सगळ्याच अ‍ॅडमिन आहेत. गिऱ्हाइकांचा ग्रुप वेगळा केलाय. पुण्याच्या बाईंनाही आमच्यात यायचं होतं, पण त्यांना नम्रपणे कळवलं, की माल हवा तेवढा मिळेल, माजघर नाही.

इंद्रकुमारला अट एकच घातली, की आत आल्यावर पहिला निरोप आपल्या रीतीचा द्यायचा, आणि लिहून नाही, तोंडाने. लिहिलेलं पुसून पुसून गोड करता येतं.

परवा संध्याकाळी त्याचा आवाज आला. मी सरगुंडे वळत होते, टीनाने फोन पाटाजवळ धरला. तो म्हणाला, माझा माल बिघडला. मागे तुमच्या दुकानातला पंखा घरघरत होता. मग म्हणाला, की धनवंताबाईंचा निरोप मी पुसला, सुलोचनाबाईंना बोलायला जागा ठेवली नाही, डब्यावरचं तुमचं सगळ्यांचं नाव माझ्यामुळे गेलं. भाऊ, खरं सांगते, माझा राग तिथेच उतरला आणि मी पिठाच्या हातांनी डोळे पुसले.

कोणी रागवलं नाही. सगळ्यात आधी उत्तर आलं ते धनवंताचं. तिने इंद्रकुमारला विचारलं, भाऊ, तुह्या किती ऑर्डरी अडल्या? आमी भरून देतो.

ज्यांच्याकडे खवट चटणी गेली त्या सगळ्यांचा माल आम्ही नव्याने भरून देत आहोत. पुढच्या आठवड्यात माल घेऊन मी स्वतः गाडीने येते, पोराला स्टेशनवर पाठवा. आणि माझी पत्रं खिळ्यावरून काढू नका. परत कधी कोणाचं तोंड बांधायचं त्याच्या मनात आलं, तर मारबत दर साली निघते, एवढं त्याला सांगून ठेवा.

तुमची,
सुशिला