दोर न लागणारी वाट

आई,

तुझ्या पाटल्या मी मोडल्या. त्यातून डोंगरात चालायचे बूट घेतले, मोठी सॅक घेतली, बर्फाजवळ झोपता येईल अशी स्लीपिंग बॅग घेतली. 'शेवटपर्यंत माझ्यापाशी राहिलीस म्हणून' असं म्हणत त्या तू माझ्या हातात चढवल्या होत्यास. तुला हे कळावं, आणि कळून वाईट वाटावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

लहानपणी मला ताप आला होता, सांधे सुजले होते, आणि डॉक्टरांनी छातीला नळी लावून 'जपा हिला' म्हटलं होतं. तू नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात सिस्टर. इंजेक्शनं घरीच द्यायचीस. रविवारी सकाळी गॅसवर पातेल्यात सुई उकळते आहे, मी ओट्याकडे पाठ करून उभी आहे, तू 'हलू नको वं' म्हणते आहेस. बाबा गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आपण दोघीच उरलो होतो. मला सायकल मिळाली नाही. गॅदरिंगमध्ये मी नेहमी पडदा ओढणारी. कॉलेजची सहल पचमढीला निघाली, तेव्हा मी बॅग भरून दारात उभी राहिले होते. तू पोळी लाटत होतीस. मागे वळलीसुद्धा नाहीस.

"जा ना. मी कुठं अडवून राहिली तुले? पण वर छाती भरून आली त मले नको बोलावू."

मी बॅग रिकामी केली. पुढे कामठीचं स्थळ आलं, मुलगा मला आवडला होता. त्यांच्या घरी जाऊन तू सांगून आलीस की मुलीचं हृदय नाजूक आहे, बाळंतपण झेपायचं नाही. माझ्या भल्यासाठीच, असं मी स्वतःला समजावलं. तू गेलीस तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते.

तुझ्यानंतर बरीच वर्षं मी तशीच जपून जगले. मग ऑफिसातली माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "उत्तराखंडात झोपड्या आहेत, पार वर, दगडी. चालत जायचं, रात्र काढायची, सकाळी खिंडीपर्यंत जाऊन उतरायचं. येतेस?" मी म्हटलं, माझं हृदय. ती म्हणाली, आधी दाखव तर. धंतोलीतच दाखवलं. डॉक्टर तरुण होता. स्क्रीनवर माझं हृदय उघडझाप करत होतं आणि तो परत परत तिथेच बघत होता. "काही नाही मॅडम. झडपा चांगल्या आहेत. तुम्हाला कोणी सांगितलं त्रास आहे म्हणून?"

मी उमरेडची बस धरली. मावशी अंगणात तांदूळ निवडत होती. मी विचारलं तसा तिचा हात सुपातच थांबला.

"तुया आईले माहीत होतं," ती म्हणाली. "तू कॉलेजात गेली तेव्हाच डॉक्टरनं सांगतलं होतं, पोरगी ठणठणीत आहे, इंजेक्शनं बंद करा."

"इंजेक्शनं त चालूच होती."

"ते ताकदीची राहत. नुसती."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"म्या म्हटलं तिले. ते म्हणे, सांगतलं त उडून जाईन ना वं ते. मंग मी कोणापाशी राहू?"

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. मी ठरवत होते.

मला आणि मैत्रिणीला दोर बांधता येत नाही, बर्फात कुदळ मारता येत नाही. म्हणून वाट अशी शोधली की जिथे फक्त पाय लागतील. तिथल्या वाटाड्याने फोनवर दोन झोपड्या सुचवल्या, एक सोपी. "दूसरी में रस्सी नहीं लगेगी मैडम, पर चढ़ाई सीधी है." मी दुसरी घेतली. मैत्रीण म्हणाली, पहिल्याच खेपेला कशाला? तुझ्यासाठी, आई. सोपी वाट तुला पुरली नसती. वाटेतला ओढा दुपारी बर्फाच्या पाण्याने फुगतो, तोवर ओलांडला नाही तर माघारी फिरायचं, हे मात्र वाटाड्याने आधीच कबूल करून घेतलं. नागपुरात चढ कुठला? रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, आणि रोज ऑफिसचा जिना, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. वॉचमन म्हणायचा, "मॅडम, लिफ्ट चालू आहे ना." घामाने निथळत मी चढायचे आणि प्रत्येक वळणावर तुझं ते 'मले नको बोलावू' पायाखाली घ्यायचे.

चढाईच्या दिवशी ओढा वेळेत ओलांडला. त्यानंतर नुसता उभा चढ, गवत आणि सुटे दगड. तिथे माझी छाती भरून आली. अगदी तू म्हणाली होतीस तशीच. कानात ठोके. मी एका दगडावर बसले आणि वाटलं, जिंकलीस तू.

"काय होऊन राहिलं?" मैत्रिणीने विचारलं.

"धडधडते खूप."

वाटाड्या बाजूला तंबाखू मळत उभा होता. "सबकी धड़कती है मैडम यहाँ," तो म्हणाला. "मेरी भी."

इतकं साधं होतं ते. तू सिस्टर होतीस, तुला ठाऊक नव्हतं? मी उठले.

उजेड असताना झोपडीत पोचलो. खिचडी केली, ती तांदूळ कच्चेच राहिलेली खिचडी तिघांनी चाटून खाल्ली. सकाळी खिंडीत वारा इतका होता की उभं राहवेना. पलीकडे शिखरं होती, पांढरी, नावं मला माहीत नाहीत. बोलायला मी कितीतरी जमवून नेलं होतं, कामठीचा मुलगा, सुई, पचमढी. तोंडातून एकच वाक्य निघालं.

"आता तू राहा एकटी."

मोठ्याने म्हटलं. मला आजही त्याचा पस्तावा नाही.

मैत्रीण म्हणते, सगळं लिहून काढ आणि कन्हान नदीत सोडून दे, मोकळी होशील. मी सोडणार नाही. हा कागद घरातच राहील. कारण एक सांगायचं राहिलं. त्या चढावर मला पायांनी नेलं नाही, तुझ्यावरच्या रागाने नेलं. पुढच्या वर्षी याहून उंच झोपडी ठरली आहे. हा राग तोवर ओसरला तर मी कशाच्या जोरावर चढणार, याची मला भीती वाटते.