बारा व्होल्टवर निम्मा

बाबा, मागच्या महिन्यात तुमचं म्हणणं खरं निघालं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि हे ज्याला कळेल असं घरात आता कोणी नाही, म्हणून लिहून राहिले.

मदन महाल भागातल्या भाड्याच्या घरातला तो रविवार. आई पोहे करते आहे, तुमच्या फॅक्टरीतले साहेब बायकोला घेऊन आले आहेत, आणि एरवी पाहुण्यांसमोर नुसती मान हलवणारे तुम्ही त्या दिवशी रंगात येऊन टेस्टिंग रूमच्या गोष्टी सांगता आहात. "हे चपटे कपॅसिटर असतात ना, चिनी मातीवाले, यांच्यावर व्होल्टेज चढवला का यांची कपॅसिटी उतरते. तीनदा मोजून पाहिली मी." मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. चहाचा ट्रे हातात धरूनच म्हणाले, "काहीतरीच काय बाबा! व्होल्टेज वाढला की चार्ज वाढतो, कपॅसिटी तीच राहते. प्लेटा केवढ्या, त्यांच्यात अंतर किती, मधे काय भरलंय, एवढ्यावरच ठरते ती. बारावीच्या पोरांनाही येतं हे." साहेब मोठ्यानं हसले, "क्यों भई, बिटिया तो तुमसे आगे निकल गई!" तुम्हीही हसलात. "अच्छा, चलो, पुस्तकात आहे तर तसंच असेल," म्हणालात आणि आईला विचारलंत, पोहे झाले काय.

रागावला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर तुम्ही माझ्याशी कामाचं कधी बोललाच नाहीत. मी विचारलं तर म्हणायचात, "आमचं काय, ठोकाठोकी." मला नोकरी लागली तेव्हा ओमतीच्या बाजारातून व्होल्टेज मोजायचा नवा मीटर आणलात आणि डबा माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "कसा चालते, तूच सांग मला." ज्या माणसानं उभा जन्म मीटरसमोर काढला, त्याला मी अर्धा तास मीटर शिकवला. तुम्ही शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलंत.

आमच्या कारखान्यात पॉवर सप्लायचे बोर्ड बनतात. मागच्या महिन्यात एक अख्खी खेप बिघडली. आउटपुट स्थिर राहीना. कपॅसिटर काढून मोजले की ठणठणीत, बसवले की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम तुमचा आवाज ऐकू आला. डबा तसाच ठेवून उठले, एका कपॅसिटरवर बोर्डात असतात तेवढे बारा व्होल्ट चढवले आणि तसाच मोजला. निम्माच भरला. व्होल्टेज काढला, पुन्हा पूर्ण. तुमच्यासारखंच तीनदा मोजलं. पुस्तक खोटं नव्हतं बाबा. ते हवेबद्दल, अभ्रकाबद्दल सांगत होतं. तुमच्या चिनी मातीत मधे भरलेला पदार्थच व्होल्टेजखाली बदलतो. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मी फक्त वाचलं होतं.

मोठे कपॅसिटर लावले, बोर्ड चालू झाले. सगळे टेबलाभोवती जमले. माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, "मॅडम, हमने तो सोचा ही नहीं था. आपको कैसे सूझा?"

तुमचं नाव ओठांवर आलं होतं. पण बाबा, मी म्हणाले, "कहीं पढ़ा था."