नवा चेहरा

समरकंद,
२ ऑक्टोबर १९७२

सिव्योआपा,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. मेंढीची चरबी गरम करून लाव, आणि ताश्कंदच्या त्या चौथ्या मजल्यावर दिवसातून एकदाच चढ-उतर कर. तुझ्या पाकिटाला डिंक दोनदा लावल्यासारखा दिसत होता. तूच लावला असशील तर ठीक आहे.

इकडची बातमी अशी की मफरातचं ठरलं. मुलगा रफोएल, तंत्रशाळेत शिकवतो, निर्व्यसनी आहे, आणि मुख्य म्हणजे कमी बोलतो. बारा वर्षांपूर्वी निसोनची शाळेतली नोकरी गेली, तेव्हापासून मास्तरचा हजाम झालेला नवरा मी रोज बघते आहे. लेकीच्या नवऱ्याचं तसं होऊ देणार नाही. म्हणून या वेळी मी कोणाकोणाला घरात घ्यायचं ते नीट ठरवलं आहे. लग्नात भोवती आपली माणसं हवीत, असं सगळे म्हणतात. पण आपली कोण, हे कोणी सांगतं का?

शेजारच्या पनीरबाई रोज काही ना काही मागायला येतात. परवा चाळणी, काल चाळणीचं झाकण. चाळणीला कधी झाकण असतं का गं? डोळे मात्र अंगणभर फिरत होते. युद्धात आलेला तो फायवेल घड्याळजी आहे ना, त्याने निसोनला विचारलं, "काय, घरात काही गोड चाललंय वाटतं?" त्याला काय करायचंय? मफरातच्या, नवरीच्या भुवया कोरायच्या विधीलाही मी पाचच बायका बोलावल्या, पाचही रक्ताच्या. बाहेर गाणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला. पोरगी म्हणाली, "आई, हे लग्न आहे की चोरी?" मी म्हटलं, तू भुवया सांभाळ.

तुला मुद्दाम कळवते की लग्न म्हणजे सरकारी कचेरीत दोन सह्या आणि घरी चहा. बाकी काही नाही. त्यासाठी तू एवढा प्रवास करून कशाला येतेस? गाडीत गर्दी, त्यात तुझे गुडघे. फोटो पाठवेन.

अबोखाय अजून त्याच गल्लीत राहतो. दिसला की मी मान वळवते. तुला सोडलेल्या माणसाशी मी काय बोलणार?

तब्येतीला जप.

तुझी,
झुलाई


समरकंद,
१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आपा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही, वाटेत कोणी उघडेल. रफोएलची मावशी रविवारी ताश्कंदला जाते आहे, ती तुझ्या हातात देईल. आधी बस, मग वाच.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मंगळवारी कचेरीतल्या सह्या झाल्या, आणि बुधवारी घरात, दारं लावून, आपल्या यहुदी रीतीने कापडी छताखाली लग्न झालं. शेगडीवर हिरव्या भाताची मोठी कढई होती, सत्तावीस माणसं होती, आणि सत्तावीसही नात्यातली. मी एकेकाला दारात उभं करून मोजून आत घेतलं. नवऱ्याच्या अंगावर कुठे गाठ राहू नये, कोणी करणी करू नये म्हणून त्याच्या बुटांच्या नाड्या मी स्वतः सोडल्या, आणि कोण कुठे बोटं गुंतवतंय तेही बघत होते. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, जरा पोरीकडेही बघा." मी म्हटलं, पोरीकडे बघायला सगळे आहेत, सगळ्यांकडे बघायला मी एकटी.

मग इलियावमामांनी लग्नाच्या कराराचा कागद उघडला. आपल्या मामांना तू ओळखतेस, लग्नं लावणारे मुल्ला झाले तरी थट्टा सुटत नाही. म्हणाले, "साक्षीदार दोन पुढे या."

आपला अव्नेर पुढे झाला.

"तू मुलीचा मामा. चालत नाहीस."

रफोएलचा काका उठला. "तुम्हीही नाही." मग आतेभाऊ, मग भाचा, मग नवऱ्याचा मेहुणा. मामा प्रत्येकाला हाताने खाली बसवत गेले. शेवटी चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "झुलाई, तू लग्न मांडलंस की वंशावळ बोलावलीस? दोघांपैकी कोणाच्याही नात्यातला नाही असा एक तरी माणूस या घरात आहे का?"

"तुम्ही करा ना सही, मामा."

"मी कोण लागतो ते तूच आत्ता म्हणालीस."

आपा, एवढी वर्षं लग्नं बघितली, पण साक्षीदार परका लागतो हे कधी ध्यानातच आलं नाही, कारण परके असायचेच. मफरात छताखाली उभी, चेहरा झाकलेला, आणि मी सगळ्या परक्यांना कडी घालून बसलेले.

निसोन बाहेर गेला. परत आला तो फायवेल घड्याळजीला आणि अबोखायला घेऊन. फायवेल कोटाची बटणं लावत म्हणाला, "मी पंधरा दिवसांपूर्वीच कोट इस्त्री करून ठेवला होता, बाई. वाटलं, बोलवाल." मी त्याला वाट करून दिली. अबोखायकडे बघून मात्र माझ्या तोंडून गेलंच, "हा तर घरचा."

"होता," मामा म्हणाले. "सिव्योला सोडली त्या दिवसापासून हा मुलीचा कोणी नाही. चालतो."

फायवेलने सही केली. अबोखायने लेखणी घेतली आणि तशीच धरून ठेवली. "मामा, एक विचारू? बहिणीची साक्ष बहिणीविरुद्ध चालते का?"

"नाही. बाजूनेही नाही, विरोधातही नाही."

"मग बारा वर्षांपूर्वी एका बहिणीने सांगितलं की सिव्योनेच बाहेर बोलून निसोनची नोकरी घालवली. त्या एका शब्दावर मी घर मोडलं. तेव्हा हा कायदा कुठे गेला होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होते. मग तो म्हणाला, "असो. पोरीचा काय दोष?" आणि त्याने सही केली. नवऱ्याने रीतीप्रमाणे पायाखाली पेला फोडला, बायका आनंदाने ओरडल्या, भात वाढला गेला.

आता लिहिते. लिहिलं नाही तर पुन्हा बारा वर्षं जातील.

त्या वर्षी आपण वल्हांडणाच्या बिनखमिराच्या रोट्या आपल्या अंगणात भाजल्या. तू भट्टीवर होतीस, मी लाटत होते. निसोनच्या मुख्याध्यापकाची बायको मला हमामात भेटायची. माझ्या केसांचं कौतुक करायची, "झुलाईजान, झुलाईजान" करायची. मला त्याचं फार अप्रूप होतं गं. मास्तरांच्या बायकांमध्ये तेवढी मलाच ती हाक मारायची. मी तीन रोट्या कोऱ्या रुमालात बांधून, स्वतःच्या पायांनी तिच्या घरी नेऊन दिल्या. चव घ्या म्हटलं. आठव्या दिवशी, सरकारी मास्तर असून धर्म पाळतो म्हणून निसोनला कचेरीत बोलावलं, आणि त्याने सांगितलं तसा तिथल्या टेबलावर माझाच रुमाल होता. निसोनला रुमाल कुठे ओळखायला येतात? त्याने घरी येऊन विचारलं, "कोणी सांगितलं?" आणि माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. भट्टीवर तू होतीस, तुझं हसणं मोठं, तुझ्या ओळखी फार, लोकांना लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी मागे घ्यावं असं वाटलं. तिसऱ्या दिवशी जमलं नाही. मग अबोखायने तुला सोडलं, तू ताश्कंदला गेलीस, आणि मग तर तोंड उघडायची हिंमतच गेली.

लोक म्हणतात, झुलाई फार संशयी. मी संशयी नव्हते आपा. एका गोड हाकेसाठी माणूस काय करून बसतं, ते मला माहीत होतं. म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

काल सकाळी निसोनला सांगितलं. तो ऐकत राहिला, मग कात्र्या पिशवीत टाकून कामावर गेला. रात्री जेवला नाही. आज निघताना एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? तिला लिही."

आता मागणं आहे, आणि मागायचं तोंड मला नाही. लग्नानंतरची सात दिवसांची जेवणं विहीणबाईंकडे चालू आहेत. सात आशीर्वाद म्हणायचे तर पंगतीला लग्नात नव्हता असा नवा चेहरा हवा, हे तुला माहीतच आहे. काल पनीरबाईंचे यजमान आले. आज संध्याकाळपासून शनिवारभर शब्बाथ, नव्या चेहऱ्याची गरज नाही. रविवारी, सोमवारी रफोएलच्या तंत्रशाळेतले दोन मित्र येतील. मी मामांना विचारलं, बाईचा चेहरा चालतो का? म्हणाले, "जिच्यासाठी जेवण देणारा जास्तीचा भात टाकतो, तो चेहरा नवा."

मंगळवारी, १७ तारखेला, शेवटचं जेवण आहे. विहीणबाईंना मी सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी दुसऱ्या कोणा नव्या माणसाला बोलावू नका. अबोखायही येणार आहे. तू आलीस तर पंगत बसण्याआधी, सगळ्यांसमोर, वर लिहिलेलं सगळं मी तुझ्याकडे बघून सांगेन. सत्तावीसही जण असतील. शिवाय फायवेल.

आणि नाही आलीस तर माझ्या लेकीला त्या दिवशी आशीर्वाद मिळणार नाहीत. लोक विचारतील, सातव्या दिवशी असं का? तेव्हा का ते मी सांगेन.

तुझं नाव जिने घेतलं ती,
झुलाई