शेपटीची साखर

प्रिय पोरी,

तू गेल्यापासून तुझं टेबल मी कुणाला दिलेलं नाही. कुणी मागितलं की सांगतो, त्याचा नळ गळतो. गळत नाही. एवढंतेवढं खोटं आता जमायला लागलं आहे.

बाकी सगळं तसंच. प्रयोगशाळेच्या तळघराला खिडकी नाही, त्यामुळे बाहेर ऊन आहे की ढग, ते अजूनही येणाऱ्यांच्या कपड्यांवरूनच कळतं. माझा गुडघा कुरकुरतो. तुझी काकू बरी आहे. ती तुझी चौकशी करते आणि मी वर्तमानपत्रात डोकं खुपसतो.

पहिल्या वर्षी तू मला एन्झाइम समजावलं होतंस. मी गावच्या शाळेत दहावी झालेला, बाटल्या धुता धुता इथवर आलेला. तू म्हणालीस, काका, हा एक हमाल समजा. इथली साखर उचलतो, तिथल्या प्रथिनाला नेऊन चिकटवतो. पण साखर जरा वेगळी दिसली की सासूसारखं नाक मुरडतो. मग तू त्या साखरेला नायट्रोजनची बारीकशी शेपटी लावलीस. हमालानं ती शेपटीसकट नेली, तर शेपटीला रंग धरणार आणि प्रथिन हिरवं चमकणार. चमकलं त्या दिवशी मला हाताला धरून अंधाऱ्या खोलीत नेलंस. म्हणालीस, बघा काका, मुकाट्यानं घेतली त्यानं.

प्रबंधाआधी तोच प्रयोग दुसऱ्या हातानं करायची इथली रीत. तो हात माझा होता. तीनदा केला, तिन्ही वेळा अंधार. तुझे मार्गदर्शक, आपले सर, वाईट नाहीत. चौकशी समितीपुढे ते एवढंच म्हणाले, याच्या हातून वीस वर्षांत चूक झालेली नाही. त्या एका वाक्यानं तू खोटी ठरलीस. आणि मला, लपवत नाही, त्या क्षणी अभिमानानं भरून आलं होतं.

गेल्या महिन्यात नव्या मुलीनं माझं मनगट धरलं. माझ्या हातात ती कुजक्या अंड्याच्या वासाची बाटली होती, एन्झाइम टिकावं म्हणून घालतो ती. हसून म्हणाली, अहो काका, शेपटीच्या साखरेत हे कुठे घालताय? शेपटीच खाऊन टाकेल ना ते. पोरी, तिन्ही वेळा मी ते घातलं होतं, वर दोन दिवस तसंच ठेवलं होतं. तुझ्या वहीत ते नव्हतं, मला वाटलं लिहायचं राहिलं असेल. माझ्याही वहीत नाही. चिमूटभर मीठ कोण लिहून ठेवतं?

नंतर एकट्यानं दोन नळ्या लावल्या, एकीत ते औषध, एकीत नाही. औषध नसलेली चमकली. तुझा हमाल खरा होता. शेपटी मी कापली होती.

तेव्हापासून जिना चढतो, सरांच्या दारात उभा राहतो, ते 'ये' म्हणतात आणि मी चहा सांगू का विचारून परत येतो. त्यांचा शब्द, माझी वीस वर्षं, सगळं त्या वाक्यावर उभं आहे आणि मी त्याच्या आत. सकाळी कुलूप काढण्याआधी देवाला हात जोडतो, पण 'सद्बुद्धी दे' एवढं तोंडातून निघत नाही. ती त्यानं केव्हाच दिली आहे.

आज समितीचं पाकीट मला टपालात टाकायला दिलं. वर तुझा पत्ता. आकडे मनचे घातले असं कबूल कर, म्हणजे प्रकरण मिटेल, असा कागद आत आहे. तेही टाकतोय, हेही. त्यांच्या कागदावर सही करू नकोस. सोबत दोन्ही नळ्यांचा फोटो आहे आणि काय झालं ते माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. सरांना सांगायला जीभ उचलेल याची खात्री मला नाही. म्हणून तू मला विचारू नकोस, माझी वाटही बघू नकोस. माझा कागद सरळ समितीकडे पाठव, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझाच,
बाटलीवाला काका