शब्दाला लावलेली लेस

प्रिय ताईला नमस्कार, भाऊजींना जरा वाकून नमस्कार, बाळाला पापी,

तुझी कंबर आता कशी आहे? इकडे आई माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. मीही बरी आहे. (बरी म्हणजे फाइन, समानार्थी वेल, विरुद्धार्थी इल. पाठ आहे.) तर तू दिलेल्या इंग्रजी शब्दांच्या पुस्तकामुळे माझं काम गेलं. तुला दोष देत नाही. तू चांगल्या मनानेच दिलंस, मी वाचलं हीच चूक.

तूच मला कामाला लावून दिलंस त्या शिवणाच्या दुकानात मी फ्रॉकना लेस लावायचे. मशीनशेजारी पुस्तक उघडं ठेवून ए पासून शब्द पुटपुटायचे. (कुणाशी बोलायचे मात्र नाही. नववीत इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत माझं तोंडच उघडलं नाही आणि मग मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, हे तुला माहीत आहेच.) एम पर्यंत आले होते. आता फ्रॉकला लेस लावली की तो महाग होतो, पण इंग्रजी शब्दाला लेस लावली की तो वाया जातो. केअरलेस, यूजलेस, होपलेस. हे तिन्ही मला पुस्तकाआधीच येत होते, शाळेत माझ्यासाठीच वापरायचे. हा नियम माझा मी शोधला होता आणि त्याचा मला गर्वही होता गं.

एकदा आमच्या दुकानाच्या मालकीणबाई माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला हसत म्हणाल्या, "शी इज प्राइसलेस!" प्राइस म्हणजे किंमत, तिला लेस. म्हणजे मला काडीची किंमत नाही, आणि तेही चारचौघांत! माझे कान तापले. तोंडाने काही जमणार नव्हतं, म्हणून त्या दोघी फ्रॉकचा रंग बघायला उजेडात गेल्यावर मी कापड बेतायच्या टेबलावर खडूने हे मोठ्ठं लिहिलं, 'यू ऑल्सो प्राइसलेस', आणि मागच्या दाराने घरी आले. ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला उलट बोलले. रस्ताभर काय भारी वाटलं!

आई म्हणाली, "एका शब्दावरून काम सोडलंस? मी या घरात रोज वाक्यंच्या वाक्यं ऐकून घेते!"

मग घरी वेळच वेळ. पुस्तक पुढे सरकलं आणि पी आला. प्राइसलेस, अर्थ अमूल्य. समानार्थी प्रेशस, विरुद्धार्थी वर्थलेस. (त्यालाही लेस! या भाषेचा शिंपी कोण आहे?) अमूल्य म्हणताना आपणही 'अ' लावून मूल्य काढूनच टाकतो की, आणि ते कौतुक असतं. एवढं तर मला न शिकता येत होतं. मराठीत विचार केला असता तर आज मशीनवर असते.

त्यात कोपऱ्यावर दुकानातले इस्त्रीवाले काका भेटले. "काय गं, नवीन काम लागलं म्हणे? बाई तुझी ती ओळ पुसू देत नाहीत. आम्ही कापड बेततो ते कडेकडेने. येईल त्याला दाखवतात, पोरगी बोलायची नाही, पण जाताना किती गोड लिहून गेली!" मी नुसती मान हलवली. आता परत जायचं तर का सोडलं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की ती शिवी होती हेही. त्यांनी कौतुक केलं ते मला शिवी वाटलं, मी शिवी दिली ती त्यांनी जपून ठेवली. रात्रंदिवस तेच डोक्यात येतं.

असो. काळजी करू नकोस, कंबरेला शेक दे.

तुझी,
न बोलणारी

ता. क. खुशाली कळवते असं आईला सांगितलंय. खरं म्हणजे तू बाईंना फोन कर. सगळं खरं सांग, माफी माग आणि मला परत घ्यायला लाव. मला फोनवर बोलता येत नाही.

आणखी ता. क. सगळं खरं नको सांगूस. या पत्रासाठी पाकीट आणायला गेले तेव्हा दुकानाच्या काचेतून पाहिलं. अक्षरं पुसट झाली होती आणि बाई टेबलावर वाकून, खडूने, माझं वेडंवाकडं अक्षर तसंच्या तसं गिरवत होत्या. दुसरीकडे काही जमलं नाही, एवढंच सांग. नाही घेतलं तरी चालेल. पण मी काय म्हणून लिहिलं होतं ते कधी कळू देऊ नकोस. त्यांनी लावला तोच अर्थ बरोबर आहे.